कडेवरची चौकट

"दोनशे बारा, पायलताई. दोनशे बारा फ्रेमा क्लायंटकडून वापस आल्या, एका दिवसात. ऑफिसचा रेकॉर्ड केला तुमी."

अंकितने खुर्ची ओढली नाही. पायलच्या मागे उभ्या उभ्याच त्याने तिच्या हाताखालचा माउस काढून घेतला आणि स्क्रीनवरची एक फ्रेम मोठी केली. करड्या जमिनीवर एक पांढुरकी आकृती, खूप उंचावरून, अंगातली ऊब टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेली. भोवती पायलने काढलेली हिरवी चौकट. आणि त्या चौकटीच्या आत, कमरेजवळ, दुसरी. नखाएवढी.

"हे काय आहे?"

"लेकरू आहे."

"कुठी दिसून राहिलं तुमाले लेकरू? मले तर धब्बा दिसते."

"तू कधी कोणाले कडेवर घेतलं का गा, अंकित?"

शेजारच्या खुर्चीवरची प्रीती फिसकन हसली. अंकितचे कान लाल झाले. वयाने तो पायलपेक्षा तीन वर्षांनी लहान, पण टीम लीडर होता, आणि ते त्याला दर तासाला स्वतःलाच पटवून द्यावं लागे.

"नियमावलीचं पान नऊ वाचा. हातात, डोक्यावर, पाठीवर, कमरेवर काही बी असलं तरी बॉक्स एकच. प्रकार चार, भार असलेली व्यक्ती. लेकरू असो का पोतं असो, आपल्याले काही घेणंदेणं नाही. पाच वाजेपर्यंत आतले सगळे बॉक्स मिटवा. नाहीतर वरून लॉगिन बंद होईल तुमचं. मग मले बोलू नका."

शहराबाहेरच्या मिहान या उद्योग-वसाहतीतल्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, साठ जण दिवसभर चौकटी काढत. ड्रोनने टिपलेली चित्रं येत. माणूस दिसला की भोवती चौकट आखायची, बाजूच्या यादीतून प्रकार निवडायचा, पुढे जायचं. अशा लाखो चौकटी पाहून म्हणे यंत्र शिकतं आणि मग आपलं आपण ओळखू लागतं. पायलने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. कॉलेजातली तासिकेवरची जागा बाळंतपणात गेली. लेक, मैत्री, नऊ महिन्यांची झाल्यावर तिने ही नोकरी धरली, त्याला आता चार महिने होत आले होते. पुरात अडकलेली माणसं शोधायला हे यंत्र कामी येणार, असं पहिल्या दिवशी प्रशिक्षणात सांगितलं होतं. तिने ते घरी कौतुकाने सांगितलं, आणि सासूबाईंनी, प्रेमिलाबाईंनी, सक्करदऱ्यातल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला. "आमची सून माणसं वाचवते, खुर्चीवर बसून!"

पहिला महिना पायलनेही एकच चौकट काढली. पान नऊ तिला तोंडपाठ होतं. मग एका दुपारी ओळीने आलेल्या फ्रेम पाहताना तिचा हात थांबला. आकृती चालत होती. डाव्या कमरेवर पांढरा ठिपका, अंग उजवीकडे झुकलेलं. सहा फ्रेमनंतर ठिपका उजव्या कमरेवर, अंग डावीकडे झुकलेलं. पिशवी खाली ओढते. लेकरू बाजूला चिकटतं. आणि पोतं असं पांढरं दिसत नाही, त्याला स्वतःची ऊब नसते. हे पायलला कोणत्या पुस्तकाने सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी ती मैत्रीला या कडेवरून त्या कडेवर घेतच कुकर लावत होती.

तिला राग आला, आणि तो गेलाच नाही. पहिल्या महिन्यात आपण किती लेकरं 'भार' म्हणून पाठवून दिली? एकदा मंजूर झालेला गठ्ठा परत उघडत नसे. तिने विचारून पाहिलं होतं. त्या दुपारपासून ती आत लेकराची चौकट वेगळी काढू लागली.

जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला, सकाळपासूनचा तिसरा. मैत्रीने वरण-भात खाल्ला का, अंग गरम नाही ना, गॅलरीचं दार लावलं का, कडी घातली का?

"घातली वं बाई, घातली," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "पोट्टी माह्या कडेवर आहे. तू जेव ना आधी."

समोर प्रीती पोळीचा तुकडा मोडत होती. "मिटवून दे ना वं. दोनशे बारा क्लिक. चहा येईपर्यंत होते."

"पुरातून माणसं काढायची असली तर होडी पाठवणाऱ्याले माहीत नको का, एक जण आहे का दोन?"

"पूर?" प्रीतीने मान वर केली. "पाणी दिसलं का तुले आतापर्यंत? एका तरी फ्रेमात?"

पायलचा घास हातातच राहिला. हजारो फ्रेम तिने पाहिल्या होत्या. दगड, छपरं, पडक्या भिंती, धुळीचे रस्ते. पाणी नव्हतं. कुठेच नव्हतं. जिला भिंतीवरचा बारीक ओलावासुद्धा आधी दिसतो, तिला हे दिसलं नव्हतं.

"तुले माहीत होतं?"

"सगळ्यायले माहीत आहे, लढाईचं काम आहे हे. तूच एक शिकलेली भैताड." प्रीतीने डब्याचं झाकण दाबून लावलं. "आणि माह्याकडे असं नको पाहू. माह्या बाबाचं डायलिसिस आहे आठवड्यातून दोनदा. माह्याजवळ राग ठेवायले जागा नाही."

तीन वाजता क्लायंटचा साप्ताहिक कॉल होता. सगळ्यांनी मीटिंग रूममध्ये बसून ऐकायचं, बोलायचं फक्त अंकितने, अशी पद्धत. पडद्यावर चेहरा नव्हता, नावाची दोन अक्षरं होती. आवाज पुरुषाचा, इंग्रजी स्वच्छ, स्वर अगदी गोड. त्याने पान नऊ पुन्हा समजावलं. शेवटी सवयीने विचारलं, काही शंका?

पायल उठून माइकपाशी गेली. अंकितने डोळे वटारले. तिने ते पाहिले आणि सरळ इंग्रजीत विचारलं, "प्रकार चार दिसला की यंत्र पुढे काय करतं?"

"चांगला प्रश्न आहे. प्रकार चारला प्राधान्य मिळतं."

"कशासाठी?"

"ते तुमच्या कामाच्या कक्षेत येत नाही."

"आणि तो भार म्हणजे लेकरू असेल तर?"

"अशा फ्रेम फार थोड्या असतात. एकूण निकालात फरक पडत नाही. पण तुमची तळमळ आम्हाला आवडली."

खोलीत कोणीतरी खाकरलं. पायलला वाटलं, त्या आवाजाने शिवी दिली असती तर बरं झालं असतं; शिवीला उत्तर देता येतं.

"पागल झाल्या का तुमी?" पॅसेजमध्ये येताच अंकित दबल्या आवाजात ओरडला. "साठ जणांची पोटं आहेत या कामावर!"

"पोटं मले नको सांगू. तुले माहीत होतं का, पाणी नाही ते?"

"मले बरोबर फ्रेमांची टक्केवारी दिसते, ताई. मी तेवढीच पाहतो. मिटवून टाका ना. हात जोडतो."

"तूच मिटव." तिने त्याला टेबलापर्यंत आणलं आणि आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. "एकेक उघड, नीट पाह्य, आणि मिटव. माह्यासमोर."

अंकित तावातावाने बसला. पहिली फ्रेम उघडली. छोट्या चौकटीवर बाण नेला. आकृती उजवीकडे झुकलेली होती. एकदा दिसल्यावर आता ते त्यालाही दिसत असावं, कारण त्याने क्लिक केलं नाही. प्रीती स्वतःच्या स्क्रीनकडे पाहत होती, पण तिचा माउस हलत नव्हता.

अंकित उठला.

"हे सर्व्हरवरून बी होते," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "एका कमांडमध्ये. दोनशे बाराच्या दोनशे बारा."

"मग मले काहून सांगून राहिला होता सकाळपासून?"

"तुमच्या हातानं झालं असतं तर तुमी कामावर राहिल्या असत्या."

तो गेला. घड्याळात पाचला दहा कमी होते. धम्मदीपला, नवऱ्याला, फोन करावा असं तिच्या मनात आलं, पण फोन बाहेर लॉकरमध्ये होता, आणि त्याला सांगायचं तरी काय, एका वाक्यात? तिने खुर्ची पुढे ओढली. परत आलेल्या फ्रेमचा गठ्ठा तिने उघडला नाही. आजच्या कामातल्या अजून काही फ्रेम बाकी होत्या, त्यातली वरची घेतली.

एक छप्पर. छपराच्या कडेला एक आकृती. कमरेवर ठिपका, आणि खांद्याच्या वर, डोक्याला धरून बसलेला, आणखी एक. तो जरा मोठा असावा. पाय छातीवर लोंबत होते.

पायलने पहिली चौकट काढली. मग कडेवरची. खांद्यावरच्याची काढताना ती दोनदा चुकली, दोन डोकी एकमेकांना लागून होती. तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि केसाएवढीही जागा बाहेर न सोडता तिसरी चौकट बसवली. प्रत्येकीपुढे यादीतून निवडलं, व्यक्ती. व्यक्ती. व्यक्ती.

सेव्ह केलं. पाच वाजले होते.

पुढची फ्रेम आली नाही.