पंखांचा वारा

मेव्हण्याच्या, म्हाळूच्या पत्राला उत्तरेश्वर कासाराने उत्तरच धाडलं नव्हतं. "केशर बरी आहे, न्यायला कधी येता?" एवढंच म्हाळूने केशरच्या माहेराहून, चकलांब्याहून लिहवून घेतलं होतं. पण सासरी, शिरूरच्या घरी आली की केशरला पुन्हा दम लागायचा, ताप चढायचा. गल्ली क्षय म्हणू लागली होती. आणावं तर तिचा जीव जाणार, न आणावं तर संसार.

आज म्हाळूची शेजारीण कडूबाई बाजाराला आली आणि बांगड्या भरायला उत्तरेश्वरच्या दुकानात टेकली.

"दाजी, बायकू टाकली का काय?"

उत्तरेश्वरने तिच्या मनगटावर पुढची बांगडी सरकवली. कडूबाईनेच पुढे सांगितलं. दिवाळीपर्यंत केशर खुरपायला जात होती. मग दुखणं उलटू नये म्हणून म्हाळूने कबुतरांची जोडी आणून तिच्या खाटेशी ठेवली.

"अन् आठ दिसांत पुन्यांदा खोकला. लई धापती बगा."

कबुतराच्या पंखांचा वारा छातीला गुणकारी, असं गावचे हकीमसाहेब सांगत. उत्तरेश्वरला तर मुळातच कबुतरांचा षोक. केशर खोकू लागली तसं त्याने खुराडंच तिच्या उशाशी नेलं होतं. दुखणं वाढलं, तशा जोड्या वाढवल्या. तो स्वतः ठणठणीत, मग संशय कुणाला यावा?

त्याच्या बोटांखाली कडूबाईच्या हातातली बांगडी कट्‌दिशी वाढली, तुकडे खाली पडले.

"आदी तिथं कबुतरं न्हवती?"

"न्हाई."

"एक बी?"

"न्हाई म्हन्ते ना. येड लागलं का तुमाला?"

"क्षय न्हाई, कडूबाई," तो गादीवरून उठलाच. "वाराच बाधतोय तिला."

कडूबाई बाजारातून परस्पर लेकीकडे जाणार होती, तिच्या हाती निरोप धाडता येणार नव्हता. उत्तरेश्वर दुकान उघडंच टाकून घरी धावला. आपण कासार, हकीम नव्हे, चुकलो तर? मग मनाशी म्हणाला, चुकलो तर कबुतरं जातील, एवढंच. आष्टीच्या गाडीवानाला त्याने सगळी देऊन टाकली. मोरासारखी शेपटी फुलवणारा पांढरा लख्खा तेवढा हातातून सुटेना. तोही दिला. खुराडं मोडलं, भिंती झाडल्या, आणि उभ्याउभ्याच म्हाळूला पत्र लिहिलं: कबुतरं आजच बाहेर काढा. घर सारवून केशरला न्यायला येतो.

डाकखान्यात लिफाफ्याला एक पांढरं पीस चिकटलेलं दिसलं. ते त्याने दूर फुंकलं, आणि पत्र पेटीत सोडलं.