खडूची खूण

आल्या आल्या पोराने पायातले बूटही न काढता बोअरचं झाकण उघडलं, याचाच तिला राग आला. आई दारात उभी, आणि हा पाइपात डोकावतोय.

"आधी माझ्याकडे बघ जरा. मीही बरीच खाली गेलेय."

तो कसनुसं हसला. भूजल मोजायची त्याची नोकरी. एरवी आदल्या संध्याकाळीच त्याचा फोन यायचा, आई, रात्रभर पंप बंद ठेव, पाणी ठरू दे. या खेपेला फोनच आला नव्हता. ते एका परीने बरंच झालं. पंप आठवडाभर नुसता धापा टाकत होता. ती कुणाला बोलली नव्हती. शेजारणीला मनातल्या मनात शिव्या घालत तिच्याकडूनच बादल्या भरून आणत होती.

दोन वर्षांपूर्वी याच पायरीवर बसून त्याने तिला गल्लीतल्या सगळ्या पंपांचे ठिपके संगणकावर दाखवले होते. सगळ्यांचा उपसा असाच चालला तर आधी तुझा बोअर आटणार, म्हणाला होता. तुझा सगळ्यांत उथळ.

"आणि मग मी काय करायचं?"

"मग तू आमच्याकडे यायचं."

तेव्हा तिने त्याला फाडून खाल्लं होतं. बोअरमध्ये थेंब आहे तोवर मी इथून हलायची नाही. आणि आता खाटेखाली गाठोडं बांधून तयार होतं. पण 'ने मला' हे शब्द तिच्या जिभेवर येणारे नव्हते. ते त्याच्या टेपने बोलायचं होतं.

त्याने पोलादी टेपच्या टोकाला खडू घासला. भिजलेला खडू काळवंडतो, तिथवर पाणी; एवढं तिला बघून बघून कळत होतं. टेप सरसरत खाली गेली. टोकाचं वजन तळाला लागल्याचा बारीकसा खट्ट आवाज आला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो, मोजतोय," तो हळू आवाजात सुनेला म्हणाला. "नाही गं, मी कशाला विषय काढू? कळलं म्हटलं ना."

टेप वर आली. खडू पांढराफटक. त्याने घाईघाईने तो अंगठ्याने पुसला.

"आहे, आई." तो टेप गुंडाळत राहिला. "अजून दोन-तीन वर्षं काळजी नाही. माझाच हिशेब चुकला होता. पंप फक्त दमादमाने चालव."

त्याच्या शर्टावर कोरडी भुकटी उडाली होती. तिने ती हाताने झटकली, लहानपणी शाळेतून आल्यावर झटकायची तशी.

"खोटं बोलायचं तर टेप तरी ओली करायचीस रे," ती म्हणाली. "पाण्याचं तू बरोबरच सांगितलं होतंस. तुझ्याबद्दल मीच चुकले."