आखूड तोंडाचं यंत्र

भिकाजी मुंबईच्या गिरणीतली नोकरी सोडून आरोंद्याला परत आला तेव्हा दोन गोष्टी घेऊन आला. एक मनगटी घड्याळ, आणि दुसरं, गावात कुणाला काही कळत नाही हे ज्ञान. घड्याळ खाडीच्या दमट हवेत लवकरच बंद पडलं. ज्ञान चालू राहिलं.

घरामागच्या उतारावर त्याचं स्वतःचं रान होतं. ऐन, किंजळ, कुंभा, आणि सगळ्यांच्या गळ्यात शिकेकाईच्या काटेरी वेली. आमच्याकडे अशा रानाच्या फांद्या तोडतात, वाळवतात आणि भात पेरायच्या आधी जमिनीवर पसरून जाळतात. भिकाजी म्हणाला, "जाळतात कित्याक? बारीक करा, कुजवा. सोन्यासारखां खत!" म्हणणं खोटं नव्हतं. भिकाजीचा पहिला विचार नेहमी बरोबर असायचा. घोटाळा दुसऱ्यापासून सुरू व्हायचा.

फांद्या बारीक करायच्या तर यंत्र हवं. चौकशीअंती दोन यंत्रं निघाली. एक सावंतवाडीच्या लोहाराकडचं, कडबा कापतात तसलं. चाक हाताने फिरवायचं, फांदी अंगठ्याएवढीच घालायची. दुसरं दोडामार्गापलीकडच्या एका काजूच्या मळ्यात पडून होतं. गोवा नुकताच मोकळा झाला होता, मळ्याचा मालक आगबोटीने आपल्या देशाला निघून गेला होता आणि मुकादम एकेक वस्तू विकत होता. ते यंत्र इंजिनावर चालायचं. पट्टा चढवला की आत पात्यांचं चाक फिरे आणि मनगटाएवढी फांदी बघता बघता भुगा होऊन पडे.

पाहायला भिकाजी बायकोला घेऊन गेला, कारण यंत्रात फांद्या घालणार होती ती. मथुरा बोलायला कमी आणि बघायला जास्त. मुकादमाने इंजिन सुरू केलं, भिकाजी खूश होऊन डोलू लागला, आणि मथुरा फांदी घालायच्या लाकडी पन्हळीपाशी जाऊन वाकली. पन्हळ हातभरसुद्धा नव्हती. टोकाला करवतीच्या खुणा दिसत होत्या.

"ह्येचां तोंड कापून आखूड केल्यानी कित्याक?" तिने विचारलं.

"काम बेगीन जाता," मुकादम गोव्याच्या बोलीत म्हणाला, म्हणजे लवकर होतं. तो पट्ट्याच्या बाजूला उभा होता. पन्हळीच्या बाजूला तो शेवटपर्यंत आला नाही.

इंजिन थांबल्यावर मथुरेने पन्हळीच्या फटीत नख घालून काहीतरी उकरून काढलं. हिरव्या बांगडीचा तुकडा होता. तिने तो नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"बांगडी खंयय फुटता गो," भिकाजी हसला. "न्हाणीत फुटता, चुलीम्होरे फुटता. म्हणून काय चूल टाकतस?"

त्याने सांगितलेल्या किमतीला मुकादम एका शब्दात कबूल झाला. गिरणीत वर्षानुवर्षं घासाघीस पाहिलेल्या माणसाला यात आपली हुशारी दिसली, हे विशेष.

मथुरेने मात्र परतीच्या वाटेवर लोहाराच्या यंत्राचा धोशा लावला. शेवटी ठरलं, देवाला विचारू. गुरवाने देवाच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावले; उजवा आधी पडला की देवाचा होकार. गाऱ्हाणं भिकाजीने स्वतःच सांगितलं, कारण यंत्रातलं गुरवाला काय कळतं?

"बा म्हाराजा, ह्यां गोव्याचां यंत्र माझ्या रानाक बरां आसात, तर उजवो दी!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं. उजवा कळा टपकन पडला.

देवळाच्या पायऱ्या उतरताना मथुरा हळूच म्हणाली, "तुमी रानाचां विचारलात. माणसांचां खंय विचारलात?"

"देवाची काय उलटतपासणी घेवची आसता?" भिकाजी म्हणाला.

यंत्र आलं. दसऱ्याला त्याची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून उतारावर त्याची घरघर सुरू झाली. सगळं गाव बघायला गेलं. गावाने यंत्र थोडं पाहिलं आणि मथुरेचे हात जास्त. हात मोकळे होते. कामावर जाण्याआधी ती बांगड्या उतरवून डब्यात ठेवायची, त्या हिरव्या तुकड्याशेजारी.

भिकाजीची विधवा आते, यमुनाबाई, भरल्या अंगणात तिच्यासमोर उभी राहिली. आपले दोन्ही हात पुढे केले. "हे बघ. माझो घोव गेल्यार माका असे हात मिळाले. तुझो जितो आसा मां? मग तुका घाई कित्याक?"

"आतेनू, थंय बांगडी अडाकता."

"अडाकली तर फुटता. घोव फुटलो तर जोडूक येणा नाय!"

आतेचं एकवेळ परवडलं असतं. दुकानावरच्या माणसांचं परवडत नाही. सहदेव विडी पेटवत म्हणाला, "भिकाजी, तू आसस मां रे? वैनीचे हात बघून माका वाटलां, सुतक धरूक व्हया काय."

सगळे हसले. भिकाजीही हसला, पण घरी गेल्यावर हसला नाही. बांगड्या घाल, नाहीतर यंत्राला हात लावू नको, असं त्याने बजावलं. मथुरेने डबा उघडला, एकेक बांगडी चढवली आणि म्हणाली, "आता थंय हात घालूचंय नाय. तुमचां तुमी बघा."

म्हणून फांद्या घालायला भिकाजी स्वतः उभा राहिला. पण मथुरेने इतके दिवस नवऱ्याच्या जिवावर जो अपशकुन करून ठेवला होता, त्याचं काय? यमुनाबाईने त्याचीही सोय केली. गुरवाकडून काळा दोरा आणला, अनेक पदरी, पीळ देऊन जाड केलेला, आणि भाच्याच्या उजव्या मनगटात करकचून बांधला. गाठीची दोन टोकं लोंबत राहिली. ती कापायची नसतात.

मथुरा इंजिनापाशी उभी होती. जवळ एक दांडका ठेवलेला असायचा, पट्टा ढकलून उतरवायला. ती सवय तिनेच लावून घेतली होती. भिकाजीने शिकेकाईच्या वेलींचा भारा उचलला तेव्हा ती इंजिनाच्या आवाजावरून ओरडली, "अवो, तो दोरो तेवढो काढा!"

"तुझ्या मोकळ्या हातांची भरपाई मिया करतंय, आणि तूच काढूक सांगतस?"

उजवा हात शाबूत असतानाचं हे त्याचं शेवटचं बोलणं. वेलीचा वाकडा काटा दोऱ्याच्या गाठीत शिरला. वेल आत चालली होती, तिला कुणासाठी थांबायचं नव्हतं. हातभर पन्हळ असती तर माणसाला मागे सरायला वेळ मिळतो. इथे तेवढी पन्हळच नव्हती. काचेची बांगडी असती तर कदाचित फुटली असती. गुरवाचा पीळ मात्र अस्सल होता. तुटला नाही.

मथुरेने दांडक्याने पट्टा उडवला. एवढ्याने नवरा वाचला. हात मनगटाच्या वरपर्यंत गेला.

गावाने निकाल दिला तो असा: बाईने हात मोकळे केले, देवाने तिच्या घोवाचा हात घेतला. दोरा होता म्हणून जिवावरचं हातावर निभावलं. यमुनाबाईने गुरवाला नारळ दिला. त्या दांडक्याचं नाव कुणी काढलं नाही. दांडक्याला नारळ देत नाहीत.

आणि रान? त्याला कुणी परत कोयता लावला नाही. पुढच्या पावसाळ्यात ते असं माजलं की दिवसाही आत शिरायला माणूस कचरे. देवाचा कौल खरा ठरला. रानाला बरंच झालं.

पाऊस सरल्यावर गिऱ्हाईक आलं. वरच्या बाजूच्या दुसऱ्या गावचा धोंडू आणि त्याची बायको तुळसा, बैलगाडी घेऊनच आली होती. भिकाजी उजव्या खांद्यावरून पंचा सोडून पट्ट्याच्या बाजूला उभा राहिला आणि डाव्या हाताने एकेक भाग दाखवू लागला.

"देवाचो उजवो कौल घेवन आणलेलां यंत्र ह्यां," तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

तुळसा पन्हळीपाशी वाकली. "आणि ह्येचां तोंड असां आखूड?"

भिकाजीने खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाला, "काम बेगीन जाता." शब्दसुद्धा गोव्याचाच.

मथुरा गूळ-पाणी घेऊन बाहेर आली. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. आता तिला त्या काढायचं कारण नव्हतं. तिने तुळसाला बाजूला घेतलं आणि गुळाच्या खड्याबरोबर तो हिरवा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

"बाय, ह्येच्या तोंडातसून मिळालो. चलयताना हातात कायएक ठेवू नको. बांगडी नको, दोरो नको."

तुळसाने चटका बसल्यासारखा तुकडा खाली टाकला. "फुटकी बांगडी हातात देतात? माझो घोव भायर उभो आसा! आणि तुमचे हात तर कोपरापर्यंत भरलेले दिसतत!"

मथुरेने तुकडा उचलून घेतला.

धोंडूने किंमत सांगितली. भिकाजी एका शब्दात कबूल झाला. धोंडू बायकोकडे बघून डोळे मिचकावून हसला आणि दोघांनी मिळून यंत्र गाडीवर चढवलं. तुळसाने पन्हळीखाली दोन्ही हात घालून जोर लावला, तसा मनगटांत चुडा वाजला.

गाडी उतरणीला लागून दिसेनाशी झाली. मथुरा अंगणात उभी राहून ऐकत होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी विरला. बांगड्यांचा नंतर.