तीन दिवसांची नोंद

“मामा, पेटीच चुकतेय,” असे म्हणत इंजिनिअर मुलीने पुलाच्या कठड्यावरचा डबा उतरवायला पाना हातात घेतला, आणि मोजणीदार एक पाऊल पुढे सरकला.

एकतीस वर्षे तो नदीची पातळी मोजत होता. रोज सकाळी सहाला बासष्ट पायऱ्या उतरायच्या, खांबावरच्या पट्टीवर पाणी कुठे टेकले ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. त्याच्या आकड्यावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि त्याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

महिन्यापूर्वी ही पोर आली. कुणीतरी साऱ्या जगाला खुला करून दिलेला आराखडा घेऊन तिने घरच्या जेवणाच्या टेबलावर हे स्वस्तातले यंत्र जोडले होते. दोन सेलवर ते वर्षभर चालायचे आणि दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची बारा किलोमीटरवरच्या कचेरीत बिनतारी कळवायचे. खालच्या गावांना पुराची सूचना त्यातूनच मिळणार होती. साहेबांनी मात्र ‘खेळणं’ म्हणून नाक मुरडले. महिनाभर मामांच्या वहीशी ताडून बघा, जुळले नाही तर गाशा गुंडाळा, असे त्यांनी बजावले होते.

सत्तावीस दिवस आकडे जुळले. मधले तीन दिवस मात्र पेटी वीतभर जास्त पाणी सांगत होती. पोरीने सगळे सांधे पुन्हा तपासले आणि शेवटी स्वतःच्या कामापेक्षा मामांच्या वहीवर विश्वास ठेवला.

गप्प बसणे सोपे होते. चार दिवसांनी तो निवृत्त होणार होता, आणि त्याच्या बिनचूक नोंदींवर साहेबांचे भाषणही तयार होते. पण तिचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना.

“पाना ठेव खाली,” तो म्हणाला. “ते तीन दिवस मी उतरलोच नाही. गुडघ्यांनी साथ सोडलीय. आदल्या दिवसाचा आकडा दिला ठोकून.”

तिने पाना कठड्यावर ठेवला. मग हळूच म्हणाली, “धुकं होतं, पट्टी दिसली नाही, असं सांगू या का?”

“एक थाप पचली नाही, आता दुसरी कशाला?”

त्याने वही मागून घेतली आणि तिन्ही आकड्यांवर रेघ मारली. शेजारचा शेऱ्याचा रकाना एकतीस वर्षे कोराच होता. त्यात त्याने आपल्या वळणदार अक्षरात तीनदा लिहिले, ‘मोजणी केली नाही’, आणि प्रत्येक ओळीखाली पूर्ण सही केली.