पातळ जेलचा आळ

मी एक जुनी रवी आहे. पण मित्रांनो, ताक घुसळणारी नव्हे. माझी दांडी स्टीलची, तिला खाली तीन पाती आणि डोक्यावर लहानशी मोटर. चेहऱ्याला लावायचे जेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी खिडकीजवळच्या ओट्यावर उभी असते. माझे नाव वहिनींनी ठेवले. त्या माल बनवतात आणि त्यांचे धाकटे दीर तो विकतात.

आमचे काम घाईचे नाही. मी पाणी सावकाश फिरवते आणि वहिनी त्यावर घट्टपणा आणणारी पांढरी भुकटी चाळणीने भुरभुरतात. ती पाण्यात नीट भिजू द्यावी लागते. मग अल्कलीचे थोडे थेंब पडले की पाणी जड होते आणि जेल जमते. ते जमले की वहिनी माझ्या दांडीवरून हात फिरवीत. माझे कौतुक तेवढेच, पण मला ते पुरे होते.

एकदा भावजींनी कोरफडीचा नवा अर्क आणला. त्या दिवसापासून जेल जमेना. ते बाटलीतून पाण्यासारखे ओघळू लागले आणि दुकानांतून माल परत येऊ लागला.

भावजींनी माझ्याकडे एकदा बघितले आणि निकाल दिला. "वहिनी, हे धूड म्हातारं झालंय. भंगारात द्या."

मला कोणी उघडूनसुद्धा पाहिले नाही. माझी पाती सरळ होती, मोटर ठणठणीत होती. तरी मला जिन्याखाली, फुटक्या बादल्यांशेजारी टाकले. अजून आठवले की माझी मोटर तापते.

माझ्या जागी वेगवान यंत्र आले. भावजींनी स्वतः सगळी भुकटी एकदम त्यात ओतली. वरून फुगलेल्या आणि आत कोरड्या अशा गुठळ्या झाल्या. त्या मोडायला त्यांनी वेग वाढवला, तर जेलमध्ये हवा भरून फेस झाला. आणि ते पातळ तर होतेच.

आता दोष द्यायला मी नव्हते. मग भावजी म्हणाले, "यंत्र नवंकोरं आहे. म्हणजे तुमचं मापच चुकतंय, वहिनी. मी दुसरं माणूस बघतो."

मित्रांनो, ज्या बाईने हा कारखाना उभा केला तिला हे ऐकावे लागले. वहिनींनी अंगावरचा ॲप्रन काढला. त्या निघून जाणार असे मला वाटले. पण त्या जिन्याखाली आल्या, मला उचलले आणि पुन्हा ओट्याला आवळले.

"भावजी, जरा थांबा इथे," त्या म्हणाल्या. "बघा आणि मग बोला."

नुसते पाणी, भुकटी आणि थेंब. जेल असे जमले की चमचा उभा राहिला. वहिनींनी ते वाट्यांत काढले. एकीत सुगंध घातला, एकीत ग्लिसरीन. दोन्ही तशीच घट्ट राहिली. तिसरीत नवा अर्क पडला आणि जेल बसले, पार पाणी झाले.

"काय आहे या अर्कात?"

भावजींनी कॅन फिरवून बारीक अक्षरे वाचली. "टिकावा म्हणून मीठ घातलंय."

"ही भुकटी मिठापुढे हात टेकते. घट्टपणा जातो तो असा."

"मग आधीच सांगायचं ना."

"अर्क आणताना मला विचारलं होतंत?"

भावजी कॅन उचलून बाहेर गेले. वहिनींनी बिनमिठाचा अर्क मागवला, माल पुन्हा बनवला आणि दुकानांना बदलून दिला. वेगवान यंत्र आता क्रीमसाठी वापरतात. त्या कामात ते चांगले आहे, हे मला मान्य आहे.

पण मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. काम बिघडले तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. नावे ठेवायची वेळ त्यानंतरची. आणि नाहक कोणावर आळ घेतला असेल, तर ज्याच्या तोंडावर तो घेतला त्याच्यासमोर उभे राहून 'चुकलं' म्हणा. भावजींनी अजून म्हटलेले नाही. वहिनींनी वाट पाहणे सोडून दिले आहे. मी सोडलेले नाही.