पानांची गोणी

आमच्या घरात पुस्तकाला पुस्तक कुणी म्हणत नाही, पानं म्हणतात. त्या एका शब्दानं माझा घात केला.

माझं माहेर वाशिंदचं. तिथल्या कॉलनीतलं वाचनालय बंद पडलं तेव्हा सगळी पुस्तकं रद्दीत गेली. रद्दीवाल्याचा कारभार सरळ: पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा. त्यानं पुठ्ठे ओरबाडले, त्यांना चिकटून पुढची चार-चार पानंही गेली, आणि उरलेलं मी उचलून सासरी आणलं. कुठल्याच पुस्तकाला नाव नाही, लिहिणारा कोण ते देवाला ठाऊक. मला काय करायचंय नावाशी? गोष्ट होती ना आत!

सासर मुरबाडकडे, डोंगराच्या पायथ्याला. सासूबाईंचं नाव जना, मी आई म्हणते. सुरुवातीला आमचं रोज वाजायचं. "भाकरी करपली नि बाय पानांत! पानं चाटून पोट भरतं का गो?" मीही काही गरीब गाय नाही. "तुमची मशेरी सुटली की माझी पानं सुटतील," म्हणायचे. नवरा सुनिल कंपनीतून येऊन गुपचूप जेवायचा. दोन बायकांच्या मध्ये पडायची त्याची छाती नव्हती.

मग एका दुपारी मी चुलीपाशी मोठ्यानं वाचत बसले होते, कारण मनात वाचलं की मला झोप येते. आई नाचणी पाखडत होत्या. मी भात बघायला उठले तर मागून आवाज आला, "मग?"

"मग काय?"

"मग त्या बायचा काय झाला?"

झालं! त्या दिवसापासून घराची रीतच बदलली. "भांडी ऱ्हाऊं दे, मी घासते, तू वाच." नाचणी निवडताना, पापड वाळत घालताना, गोधडीला टाके घालताना मी वाचायचे आणि त्या काम करायच्या. कधी उलटं नाही, कारण त्यांना अक्षरओळख नाही. खरं सांगते, लग्नानंतर एवढं सुख मला कशातच मिळालं नव्हतं. कामाचा कंटाळा कुठल्या कुठे पळाला. आम्ही तर कामं उकरून काढायला लागलो. धुतलेले डबे पुन्हा धुवायचो, का तर प्रकरण मध्ये सोडवत नाही.

शेवटचं पुस्तक कुसुम नावाच्या बाईचं होतं. पोरं लहान असताना नवरा टाकून गेलेला. तिनं शिवणकाम करून पोरं वाढवली, कुणापुढे वाकली नाही. आणि एक दिवस तोच नवरा दारात येऊन उभा. कडी वाजवतोय. कुसुम आत, हात कडीवर. तिथेच पान संपलं, आणि तेवढ्यात फोन आला की माझ्या आईला ताप चढलाय, वाशिंदला ये.

आपल्याला सोडून पुढचं वाचायचं नाही अशी सासूबाईंनी मला शपथ घातलेली होती. तरी दर वेळी त्या विचारायच्या, "चोरून वाचलास काय गो?" मी कधीच वाचलं नाही. पुस्तक ठेवून गेले. वाशिंदहून फोनवर तेवढं सांगितलं, "आई, माळ्यावर उंदीर लागलेत. माझी पानं गोणीत भरून ठेवा."

त्यांनी ठेवली. एक पान इकडे-तिकडे होऊ न देता सगळी पुस्तकं खताच्या रिकाम्या गोणीत भरली, तोंड सुतळीनं बांधलं आणि पडवीत ठेवली. पडवीत कुत्रा असतो, उंदीर फिरकत नाहीत. आणि तिथेच राबाच्या गोण्या होत्या.

आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या जागेवर आधी शेण, फांद्या, सुकी पानं अंथरून जाळतात. राब भाजणं म्हणतात त्याला. रानातून गोळा केलेली पानं तशाच खताच्या गोण्यांत भरलेली असतात. माझे दीर देवजी भल्या पहाटे शेतावर निघाले. "आये, पडवीतल्या पानांच्या गोण्या नेऊ काय सगळ्या?" आई गोठ्यात धार काढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ने सगळ्या."

मी परतले तेव्हा राब भाजून झाला होता. देवजीभावोजी म्हणाले, "कागद दिसले, वैनी, पण मला वाटलं आयेनं पेटवायला रद्दी घातलीय." जळून काळ्या झालेल्या जमिनीच्या तुकड्यात मी काठीनं उकरत बसले. राखच राख. मी आईंना नको नको ते बोलले. त्या खाली मान घालून गोठा झाडत राहिल्या, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दोन दिवस मी जेवले नाही. सुनिल म्हणाला, "एवढं काय त्यात? मोबाइलवर मागवू. नाव सांग पुस्तकाचं."

नाव! नाव असतं तर मी अशी डोक्याला हात लावून बसले असते का?

आईंचं वेगळंच चाललं होतं. त्यांना वाटत होतं, शिकलेल्या बाईनं पुस्तक हातात धरलं की तिला ते सगळं कळतंच. "पुढचा सांग ना गो," म्हणायच्या.

"मला नाय माहीत, आई."

"तू रागावलीस म्हणून नाय सांगत."

शपथा घेतल्या तरी पटेना. माझ्या हातातलं प्रत्येक काम त्या ओढून घ्यायला लागल्या. पाणी त्या भरणार, सारवणार त्या, माझे कपडेसुद्धा धुणार. मला बघवेना. म्हातारीचे हात फुटले होते.

शेवटी मागच्या दारी त्या भांडी घासत होत्या तेव्हा मी पाटावर बसले आणि म्हटलं, "ऐका. सांगते."

त्यांचे हात राखेतच थांबले. मी सांगत गेले. कुसुमनं दार उघडलं. त्याला पाणी दिलं, जेवू घातलं. तो रडला, तिच्या पाया पडला. मी रंगात आले. "मग कुसुम म्हणाली, झालं गेलं गंगेला मिळालं."

आईंनी मान हलवली. "नाय."

"काय नाय?"

"ती असं नाय बोलणार. ह्ये पानांतला नाय. ह्ये तुझा हाय."

माझी चोरी पकडली गेली.

"म्हंजे तुला खराच ठाऊक नाय," त्या हळूच म्हणाल्या. इतके दिवस त्यांना आशा होती की ती बाई निदान माझ्या डोक्यात तरी आहे. आता तीही गेली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझीच चीड आली.

"जळली गो ती," त्या म्हणाल्या. "मीच जाळली तिला."

नाही, असं म्हणायला हवं होतं मी. त्याऐवजी मी त्यांच्या हातातलं भांडं ओढून घेतलं आणि घासायला लागले.