तिसरी खाच

"मोजे कालचेच ओले, आणि चहा म्हणजे मेंढ्यांना पाजायचं औषध," बूट आवळताना मेंढपाळ तामाती पुटपुटला. मी त्याच्या शेजारीच भिंतीला टेकलेली होते, म्हणून ऐकू आलं.

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. मानुका नावाच्या आमच्याकडच्या चिवट झुडपाच्या लाकडाची. यूअन मॅक्रेनं मला ओढ्याकाठी कापलं, दोन हिवाळे चुलीवर टांगून वाळवलं, लोखंडी टोक बसवलं आणि अंगावर तीन खाचा पाडल्या. मला बर्फात रोवायचं. पहिली खाच बुडाली तर चला, दुसरी बुडाली तर सांभाळून, तिसरी बुडाली तर घर गाठा. तीस वर्षं माझं कौतुक झालं. अलीकडे तो मला रोवतो, पण वाकून बघत नाही. डोंगर आपल्या पायांना कळतो म्हणतो.

आमच्याकडे सप्टेंबर म्हणजे वसंत, पण त्या सप्टेंबरात उशिरा बर्फ पडला. दोनशे गाभण मेंढ्या वरच्या धारेवर अडकल्या, चार दिवस उपाशी. अशा वेळी आमची माणसं ओळीनं चालून बर्फ तुडवतात आणि त्या वाटेनं मेंढ्या खाली आणतात. काम पहाटेचं. बर्फ दगडासारखा असतो तेव्हा चढायचं, दहाच्या आत, उन्हानं तो सैल व्हायच्या आधी, उतरायचं. पण यूअन म्हणाला, कडक बर्फावर गाभण मेंढ्या घसरतील, जरा ऊन लागू दे. मुख्य मेंढपाळापुढे कोण बोलणार? त्याची मुलगी आयला बुटांच्या नाड्या बांधू लागली. तामातीनं तोच चहा आणखी ओतून घेतला.

निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. आभाळ निळंशार, वारा कोमट. सुंदर दिवस, आणि म्हणूनच धोक्याचा. घळीच्या तोंडाशी माझी पहिली खाच बुडाली, थोडं पुढे दुसरी. वरच्या उन्हाच्या कड्यावरून बर्फाचे गोळे सुटून घरंगळत यायला लागले.

"डोंगर गोट्या खेळतोय," तामाती म्हणाला.

"ऊन फार झालंय ना, बाबा?"

"टोपी घाल," यूअन म्हणाला.

घळीपलीकडे, शंभर पावलांवर मेंढ्या केविलवाण्या ओरडत होत्या. त्यानं मला पुन्हा रोवलं आणि मी लोण्यात जावी तशी गेले. तिसरी खाच बुडाली, तरी जातच राहिले. टोकाला वाहतं पाणी लागलं. मग पायांखालून, बर्फाचा आतला थर खचल्यासारखा, धप्प असा आवाज आला. सगळे जिथल्या तिथे थिजले.

मला तोंड नाही, मित्रांनो. तुमच्या घरातल्या जुन्या काठीला तेल नाही लावलंत तरी चालेल, पण ती काय दाखवते तेवढं बघत जा.

यूअन वाकला. मला धरून बर्फाला टेकलेल्या आपल्या मुठीकडे बघत राहिला. मग मान वर न करताच हळू बोलला.

"उशीर झालाय, आणि तो मी केलाय. मेंढ्या राहू देत. आल्या पावलांवरच पाय ठेवत मागे फिर, आयला. मला भीती वाटतेय."